हार्वे फायरस्टोन : ओझ्याचे गणित जाणणारा टायरसम्राट

मोटारगाडीच्या इतिहासात हेन्री फोर्ड यांचे नाव अग्रभागी असते आणि ते रास्तही आहे. परंतु फोर्ड यांच्या गाड्या ज्या टायरवर धावल्या, ते टायर घडविणारे हार्वे सॅम्युअल फायरस्टोन हे नाव आज केवळ एका छापापुरते उरले आहे. टायरच्या दुकानाबाहेरच्या पाटीवर ते दिसते. त्यामागे एक शेतकऱ्याचा मुलगा होता, याची जाणीव फारच थोड्यांना असते. मालवाहतुकीचे ओझे रेल्वेच्या डब्यातून उतरवून रस्त्यावर आणण्यात ज्या मोजक्या उद्योजकांचा वाटा होता, त्यांत फायरस्टोन यांची गणना करावी लागते. टायरने किती भार पेलावा, हा त्यांच्या व्यवसायाचा मूळ प्रश्न होता. त्यांच्या मृत्यूनंतर सहा दशकांनी याच प्रश्नाने त्यांच्या कंपनीला आणि फोर्ड कंपनीशी असलेल्या मैत्रीला जबर तडाखा दिला.

शेतावरून बग्गीकडे

फायरस्टोन यांचा जन्म २० डिसेंबर १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबियाना या गावाजवळच्या शेतावर झाला. घराणे मूळचे अल्सेस प्रांतातून आलेले. आजोबा-पणजोबांच्या काळापासून शेती चालत आलेली आणि विटांचे प्रशस्त घर. तीन भावांत हार्वे मधले. वडील बेंजामिन हे सधन शेतकरी होते. घोडागाडीतून बाजारात माल नेणे आणि कच्च्या रस्त्यावर चाक रुतले की ते बाहेर काढणे, हे त्या काळच्या शेतकरी कुटुंबात नित्याचेच होते. चाकावर पडणाऱ्या ओझ्याशी त्यांची पहिली ओळख इथे झाली असे म्हणता येईल.

गावातील शाळेचे शिक्षण संपवून त्यांनी क्लीव्हलँड येथे व्यापारी शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. काही काळ फिरता विक्रेता म्हणून औषधे विकली. त्यानंतर ते नातलगांच्या कोलंबस बग्गी कंपनीत रुजू झाले आणि डेट्रॉइट येथील शाखेचे काम पाहू लागले. त्या काळी बग्गीच्या लाकडी चाकांवर लोखंडी धाव बसविलेली असे. दगडी फरसबंदीवरून गाडी चालली की आत बसलेल्याचे अंग खिळखिळे होई. फायरस्टोन यांनी स्वतःच्या बग्गीला रबरी टायर बसविले. डेट्रॉइटमधील अशी ती पहिली बग्गी मानली जाते. गिऱ्हाईक जादा पैसे मोजून सुखकर प्रवास विकत घेते, ही गोष्ट त्यांच्या चाणाक्ष व्यापारी नजरेने त्याच वेळी टिपली.

हवेने फुगविलेल्या टायरची कल्पना तेव्हा नवी नव्हती. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पुढे ती विस्मरणात गेली आणि बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये सायकलीच्या निमित्ताने तिला नवजीवन दिले. परंतु सायकलस्वाराचे ओझे वेगळे आणि मोटारीचे वेगळे. जड वाहनासाठी भरीव रबराचाच टायर योग्य, असे बहुतेकांचे मत होते.

डेट्रॉइटमध्ये १८९५ साली फायरस्टोन यांची गाठ एका तरुण अभियंत्याशी पडली. एडिसन यांच्या नावाच्या वीज कंपनीत नोकरी करून फावल्या वेळात स्वतःची मोटार बनविण्याच्या खटपटीत असलेला हा तरुण म्हणजे हेन्री फोर्ड. त्याला गाडीसाठी टायर हवे होते आणि ते फायरस्टोन यांनी त्याला विकले. या किरकोळ व्यवहारातून अमेरिकेच्या उद्योगविश्वातील एक दीर्घ मैत्री उभी राहिली. त्याच वर्षी आयडाबेल स्मिथ यांच्याशी फायरस्टोन यांचा विवाह झाला. त्या संगीताच्या जाणकार होत्या आणि पुढे त्यांनी रचलेली गीते कंपनीच्या रेडिओ कार्यक्रमात वाजविली गेली.

अ‍ॅक्रनमधील उभारणी

बग्गी कंपनी बुडाल्यानंतर फायरस्टोन यांनी शिकागो येथे रबरी टायरचा छोटा व्यवसाय थाटला आणि तो नफ्यात विकला. हाती आलेले भांडवल आणि भरीव टायर धावेला घट्ट जखडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेऊन ते ओहायोतील अ‍ॅक्रन या गावी आले. गुडरिच व गुडइयर या कंपन्यांमुळे अ‍ॅक्रन तेव्हाच रबराचे गाव म्हणून नावारूपाला येत होते. ३ ऑगस्ट १९०० रोजी तेथे फायरस्टोन टायर अँड रबर कंपनीची स्थापना झाली. प्रारंभी कंपनी इतरांकडून टायर बनवून घेई आणि आपल्या पेटंटनुसार बसवून विकत असे. दोन-तीन वर्षांतच बारा कामगारांनिशी तिने स्वतःचे उत्पादन सुरू केले.

खरी कसोटी मोटारींच्या टायरसाठी लागली. कडांनी रिमच्या खाचेत अडकणाऱ्या टायरच्या पेटंटवर एका संघटनेची पकड होती आणि तिने फायरस्टोन यांना परवाना नाकारला. अशा वेळी दुसरा एखादा कारखानदार माघारी फिरला असता. फायरस्टोन यांनी सरळ कडांचा, वेगळ्या रिमवर बसणारा टायर विकसित केला. १९०६ मध्ये फोर्ड यांनी त्यांना २,००० गाड्यांच्या टायरसंचांची मागणी दिली. त्या काळच्या मानाने ही मागणी प्रचंड होती आणि तिने कंपनीचे भवितव्य निश्चित केले. पाठोपाठ गाडीपासून सहज वेगळी होणारी रिम आली आणि १९०८ च्या सुमारास रस्त्यावरची पकड वाढविणारी नक्षी आली. टायरच्या पृष्ठभागावर कंपनीचेच नाव तिरक्या अक्षरांत कोरून ही नक्षी तयार केलेली होती, त्यामुळे धुळीत उमटणारी प्रत्येक खूण जाहिरात ठरे. १९११ मध्ये इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत रे हॅरून यांनी जिंकली, ती फायरस्टोनच्या टायरवर. शर्यतीचे मैदान ही टायरची प्रयोगशाळा आहे, हे सूत्र फायरस्टोन यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

ट्रकचे ओझे आणि हवेची ताकद

टायरविषयीचा एक सर्वसाधारण गैरसमज असा, की गाडीचे ओझे रबर पेलते. वस्तुस्थिती अशी, की ओझ्याचा फार मोठा हिस्सा आत कोंडलेली हवा पेलते. रबर आणि त्याच्या आतील दोऱ्यांचे थर त्या हवेला धरून ठेवतात. म्हणून टायरची भारक्षमता दोन गोष्टींवर ठरते. आत हवा किती मावते आणि ती किती दाबाने भरता येते. दाब वाढवायचा तर थर मजबूत हवेत. त्या काळी हे थर सुती कापडाचे असत आणि एकावर एक जितके थर, तितका टायर दणकट, असा सरळ हिशेब होता. आजही ट्रकवाले दहा प्लाय, सोळा प्लाय अशा भाषेत टायरची ताकद सांगतात, ती त्या सुती थरांची आठवण आहे. आज थरांची प्रत्यक्ष संख्या तेवढी नसते. ताकद तेवढ्या थरांच्या बरोबरीची असते.

ओझे वाढले किंवा हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. या सततच्या वाकण्याने आत उष्णता निर्माण होते, आणि टायरचा सर्वांत मोठा शत्रू ही उष्णताच आहे. सुती धागे एकमेकांवर घासत आणि झिजत. फायरस्टोन यांच्या कारखान्यात धागे रबराच्या द्रावणात बुडवून घेण्याची पद्धत विकसित झाली. प्रत्येक धाग्याभोवती रबराचे आवरण बसल्याने घर्षण घटले आणि टायर थंड राहू लागला. अधिक भार पेलणाऱ्या टायरच्या दृष्टीने हे महत्त्वाचे पाऊल होते.

पहिल्या महायुद्धात या साऱ्याला राष्ट्रीय महत्त्व आले. लष्करी सामानाने अमेरिकेतील रेल्वेमार्ग तुंबले आणि १९१७ च्या डिसेंबरात सरकारला रेल्वे ताब्यात घ्यावी लागली. फायरस्टोन यांनी ही संधी हेरली. माल ट्रकने पाठवा, अशी देशव्यापी मोहीम त्यांनी १९१८ पासून चालविली. गावोगावी माहिती केंद्रे उघडली आणि ट्रकच्या ताफ्यांचे दौरे काढले. चांगल्या रस्त्यांविषयीच्या निबंधस्पर्धेसाठी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. व्यापारी हित त्यात होतेच, कारण ट्रक वाढले की टायर खपणार. पण शेतमाल रेल्वे स्थानकापर्यंत नेण्यातच शेतकऱ्याचा दिवस जातो, हे शेतावर वाढलेल्या या माणसाला कोणी सांगावे लागले नाही.

रस्ते मात्र या ओझ्याला तयार नव्हते. भरीव टायरचे ट्रक संथ चालत आणि रस्ता उखडून काढत. त्यांच्याच गावातील प्रतिस्पर्धी गुडइयरने १९१७ मध्ये हवेच्या टायरवर अ‍ॅक्रन ते बोस्टन अशी ट्रकसेवा सुरू करून नव्या युगाची चाहूल दिली होती. १९१९ मध्ये अमेरिकी लष्कराचा वाहनताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, तेव्हा वाटेत कोलंबियाना येथे फायरस्टोन यांनी आपल्या वडिलोपार्जित शेतावर त्याला मेजवानी दिली. ७ जुलै रोजी निघालेल्या या ताफ्याला पश्चिम किनारा गाठण्यास दोन महिने लागले. चिखलात रुतणारी चाके आणि वजनाखाली मोडणारे लाकडी पूल या प्रवासात नित्याचे झाले. ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर हे तरुण अधिकारी होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ मध्ये त्यांनी महामार्गांच्या विराट योजनेला मंजुरी दिली, त्यामागे या खडतर प्रवासाचाही अनुभव होता.

१९२३ मध्ये फायरस्टोन यांनी तथाकथित बलून टायर बाजारात आणला. तोवरचे मोटारीचे टायर अरुंद आणि चढ्या दाबाचे असत. नवा टायर रुंद होता, त्यात हवा अधिक मावे आणि म्हणून निम्म्याच्या आसपास दाबातही तो तेवढेच ओझे पेलू शके. प्रवास सुखकर झाला, रस्त्यावरील पकड वाढली आणि अल्पावधीतच इतर कंपन्यांनीही तो मार्ग धरला. १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने मॉडेल टी गाडीला मागे हौदा जोडून कारखान्यातच तयार झालेली आपली पहिली पिकअप विक्रीस आणली. माणसांची मोटार आणि मालाचा ट्रक यांच्या सीमेवरचे हे वाहन पुढे अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय झाले. टायर मोटारीचा लावावा की ट्रकचा, हा प्रश्न मात्र ते आपल्यासोबत घेऊनच आले.

मैत्री, रबर आणि लायबेरिया

फायरस्टोन, फोर्ड आणि थॉमस एडिसन यांची मैत्री त्या काळी वृत्तपत्रांचा आवडता विषय होती. निसर्गलेखक जॉन बरोज यांच्यासह हे मित्र १९१५ पासून जवळपास दशकभर उन्हाळ्यात तंबू ठोकून भटकंती करीत. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग हेही १९२१ मध्ये त्यांच्यात सामील झाले होते. या मित्रमंडळात एक समान चिंता होती, ती म्हणजे रबराची.

जगातील रबराचा सुमारे तीन चतुर्थांश पुरवठा तेव्हा ब्रिटिश वसाहतींच्या हाती होता, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते अमेरिका. १९२२ च्या अखेरीस ब्रिटनने स्टीव्हन्सन योजनेद्वारे निर्यातीवर निर्बंध आणले आणि १९२५ पर्यंत भाव कित्येक पटींनी चढले. अन्य अमेरिकी कारखानदार तडजोडीच्या मनःस्थितीत असताना फायरस्टोन यांनी उघड विरोध पत्करला. १९२६ मध्ये त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया सरकारशी करार केला. दहा लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांची मुदत आणि एकरी सहा सेंट वार्षिक भाडे, अशा त्याच्या अटी होत्या. सोबत ५० लाख डॉलरचे कर्ज होते आणि त्यायोगे त्या छोट्या देशाच्या तिजोरीवर परकी सल्लागारांची देखरेख आली. मळ्याभोवती वसलेल्या गावाला हार्वे आणि आयडाबेल या नावांतून हार्बेल असे नाव मिळाले.

या पर्वाकडे केवळ उद्योजकाचे धाडस म्हणून पाहता येत नाही. जंगल तोडून मळे उभारण्यासाठी हजारो मजूर लागत आणि त्यांची भरती सरकारी अधिकारी व गावप्रमुखांमार्फत होई. लायबेरियातील वेठबिगारीच्या तक्रारींची चौकशी राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने १९३० मध्ये केली. त्याचा मुख्य रोख परदेशी धाडल्या जाणाऱ्या मजुरांवर आणि लायबेरियाच्या सत्ताधाऱ्यांवर होता. अहवालानंतर तेथील अध्यक्ष व उपाध्यक्ष या दोघांनाही पायउतार व्हावे लागले. कंपनीने जाणूनबुजून सक्तीचे मजूर राबविल्याचे आयोगाला आढळले नाही. तथापि सरकारमार्फत होणारी भरती स्वेच्छेची नसे, हेही समोर आले. अमेरिकेच्या रस्त्यावर टायरने पेललेल्या ओझ्यातील काही वाटा लायबेरियाच्या मजुराच्या खांद्यावर होता, याची नोंद चरित्रकाराला टाळता येत नाही.

अ‍ॅक्रनमध्येही सारे आलबेल नव्हते. कामगारांसाठी घरांची वसाहत उभारणारे आणि समभाग देऊ करणारे मालक म्हणून फायरस्टोन यांचा लौकिक होता, परंतु संघटनेला त्यांचा विरोध होता. १९१३ चा रबर कामगारांचा मोठा संप त्यांच्याच कारखान्यात पेटला आणि काही आठवड्यांत मोडून पडला. १९३६ च्या जानेवारीत ट्रक टायर बनविणाऱ्या विभागातील कामगारांनी मध्यरात्रीनंतर यंत्रे थांबविली आणि ते जागेवरच बसून राहिले. कामाचा वाढता वेग, घटते दर आणि एका सहकाऱ्याचे निलंबन ही त्याची कारणे. बैठ्या संपाचे हे हत्यार त्यानंतर अमेरिकेतील मोटार उद्योगात सर्वत्र उपसले गेले.

पुन्हा शेताकडे

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात फायरस्टोन यांचे लक्ष पुन्हा शेतीकडे वळले. ट्रॅक्टरची चाके तेव्हा लोखंडी आणि दातेरी असत. ती मातीत घट्ट रुतत, पण चालकाला हादरे देत आणि रस्त्यावर चालत नसत. १९३२ च्या सुमारास अ‍ॅलिस-चामर्स या ट्रॅक्टर कंपनीच्या सहकार्याने कमी दाबाच्या, रुंद हवेच्या टायरचे प्रयोग झाले. त्यासाठी आधी विमानाचे टायर वापरून पाहिले होते. कोलंबियानाच्या शेतावरही अशा टायरची चाचणी झाली. मऊ जमिनीवर ओझे पसरविण्याची ही युक्ती यशस्वी ठरली आणि काही वर्षांतच ट्रॅक्टरची लोखंडी चाके मागे पडू लागली.

७ फेब्रुवारी १९३८ रोजी फ्लोरिडातील मायामी बीच येथे झोपेतच फायरस्टोन यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६९ वर्षांचे होते. कोलंबियाना येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढे त्यांचे जन्मघर उचलून हेन्री फोर्ड यांनी मिशिगनमध्ये वसविलेल्या ग्रीनफिल्ड व्हिलेज या संग्रहालयात नेण्यात आले आणि १९८५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९४७ मध्ये फायरस्टोन यांची नात मार्था आणि फोर्ड यांचे नातू विल्यम क्ले फोर्ड विवाहबद्ध झाले. मित्रांची घराणी नात्याने जोडली गेली.

फायरस्टोन यांच्या मृत्यूनंतर कंपनीचा पसारा मुंबईपर्यंतही आला. शिवडी येथील टायर कारखाना पुढे बॉम्बे टायर्स इंटरनॅशनल आणि नंतर मोदीस्टोन या नावांनी ओळखला गेला. उत्पादन शुल्काच्या आकारणीवरील सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालामुळे बॉम्बे टायर्स हे नाव आजही कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. मूळ अमेरिकी कंपनी १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनने विकत घेतली. त्याच ब्रिजस्टोनने २०१३ मध्ये पुण्याजवळ चाकण येथे कारखाना सुरू केला.

मैत्रीचा शेवट

फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर ही गाडी १९९० मध्ये आली. दिसायला ती कौटुंबिक गाडी, पण तिचा सांगाडा कंपनीच्या रेंजर या पिकअपवर बेतलेला होता. तिला फायरस्टोनचे टायर होते. कुटुंब, सामान आणि टपावरचे ओझे घेऊन उन्हाळ्यात महामार्गावरून वेगाने जाताना काही टायरची वरची पट्टी सुटून येऊ लागली आणि गाड्या उलटू लागल्या. सौदी अरेबिया, व्हेनेझुएला आणि अमेरिकेतील उष्ण राज्यांतून तक्रारी आल्या. ९ ऑगस्ट २००० रोजी, कंपनीच्या शताब्दीनंतर अवघ्या सहा दिवसांनी, वापरात असलेले सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्याची घोषणा झाली. अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेने या टायरशी संबंधित २७१ मृत्यूंची नोंद केली.

दोष कोणाचा, यावर दोन्ही कंपन्यांची जुंपली. फोर्डने या टायरसाठी २६ पौंड हवा सुचविली होती; एवढी कमी हवा आणि वर ओझे यामुळे टायर तापतो आणि त्यातच गाडीची उलटण्याची प्रवृत्ती, असे टायर कंपनीचे म्हणणे होते. तिने ३० पौंडांची शिफारस केली. उलट याच गाडीवर इतर कंपन्यांचे टायर टिकतात, असे फोर्डचे उत्तर होते. सरकारी तपासाने ऑक्टोबर २००१ मध्ये पट्ट्यांच्या कडेची रचना आणि टायरच्या खांद्यापाशी येणारा ताण यांवर बोट ठेवले आणि आणखी टायर परत मागवावे लागले. २००२ च्या फेब्रुवारीत यंत्रणेने गाडीच्या रचनेची स्वतंत्र चौकशी उघडण्यास नकार दिला. तत्पूर्वीच, मे २००१ मध्ये, टायर कंपनीने फोर्डशी असलेला व्यवहार संपविला होता. १८९५ पासूनचा संबंध तुटला, तेव्हा फोर्डच्या अध्यक्षपदी विल्यम क्ले फोर्ड ज्युनियर होते. हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन या दोघांचेही पणतू.

या प्रकरणानंतर अमेरिकेत कायदा कडक झाला. टायरच्या भार व तापाच्या चाचण्या कठोर झाल्या आणि सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आकड्याचा अर्थ

फायरस्टोन यांच्या काळात टायर किती ओझे पेलतो हे बव्हंशी कारखानदाराच्या शब्दावर अवलंबून असे. आज ते टायरच्या बाजूवरच कोरलेले असते. मापानंतर येणारा दोन किंवा तीन अंकी आकडा म्हणजे भारनिर्देशांक. तो किलोमध्ये नसतो. ठरलेल्या तक्त्यात त्याचा अर्थ पाहावा लागतो. निर्देशांक १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १२१ म्हणजे १,४५० किलो, प्रत्येक टायरला. तिरक्या रेषेने दोन आकडे दिलेले असतील, तर दुसरा आकडा जोडचाकांसाठी असतो आणि तो कमी असतो. त्यापुढील अक्षर कमाल वेगाचे असते.

पिकअपच्या मालकाची चूक बहुधा इथेच होते. माप जुळले म्हणजे टायर जुळला, असे तो धरून चालतो. २४५/७५ आर १६ या एकाच मापाचा मोटारीसाठी बनविलेला टायर १०९ निर्देशांकाचा, म्हणजे १,०३० किलोचा मिळतो. हलक्या ट्रकसाठी बनविलेला दहा प्लाय ताकदीचा टायर १२० निर्देशांकाचा, म्हणजे १,४०० किलोचा असतो. पहिल्याची क्षमता ३५ पौंड हवेवर मोजलेली असते, दुसऱ्याची ८० पौंडांवर. शिवाय मोटारीचा टायर पिकअपला लावल्यास त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी, असा अमेरिकी नियम आहे. म्हणजे १,०३० चे सुमारे ९३५ किलोच उरतात. उलट ट्रकचा दणकट टायर घेऊन त्यात मोटारीइतकीच हवा भरली, तर त्याची छापील ताकद मिळत नाही.

हिशेब गाडीच्या एकूण वजनाला चारने भागून करणेही धोक्याचे. पिकअपमध्ये माल मागे असतो. भरलेल्या गाडीचे वजन ३,००० किलो आणि त्यातील १,८०० किलो मागच्या आसावर असेल, तर मागच्या प्रत्येक टायरवर ७५० नव्हे, ९०० किलो येतात. तेथे १०४ निर्देशांकाचा टायर काठावर उत्तीर्ण होतो. एक पोते जादा किंवा हवा थोडी कमी झाली की तो नापास. म्हणून प्रत्येक आसाला कंपनीने ठरवून दिलेली भारमर्यादा पाहावी, तिला पुरून उरेल असा निर्देशांक घ्यावा आणि कंपनीने मूळ दिलेल्या आकड्याखाली कधी जाऊ नये. हवा सुचविल्याप्रमाणे आणि टायर थंड असताना भरावी. स्टेपनीलाही हाच नियम लागू. आणि टायर कितीही दणकट घेतला, तरी गाडीचे पाटे, आस आणि ब्रेक यांची मर्यादा वाढत नाही, हे विसरू नये.

हार्वे फायरस्टोन यांनी आयुष्यभर अधिक ओझे वाहू शकणारे टायर विकले आणि त्यातून अफाट संपत्ती मिळविली. त्यांच्या दूरदृष्टीचे फळ आज जगभरच्या रस्त्यांवर धावते आहे. मळ्यावरच्या आणि कारखान्यातल्या माणसांनी त्याची किंमत मोजली. पुढे, त्यांच्या नावाचा टायर फुटून गाडी उलटली तेव्हा ज्यांचे प्राण गेले, त्यांनीही ती मोजली. टायरच्या काळ्या कडेवरचा तो लहानसा आकडा वाचण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. माल भरण्यापूर्वी तो वाचला जावा, एवढे या चरित्रातून घेतले तरी पुरे.